तेलाचा माग

त्या वर्षी आमच्या गावात गळणारी वस्तू एकच होती — आमची जीप.

विहिरींचे तळ दिसत होते, ओढ्यात पोरं गोट्या खेळत होती आणि आभाळाने मागच्या मृगापासून आमच्याशी जो अबोला धरला होता तो अजून सोडला नव्हता. रडायला बसलेल्या बायांच्याही डोळ्यांत पाणी येत नव्हतं. आणि अशा कोरड्याठक्क गावात आमच्या दारातल्या जीपखाली मात्र रोज सकाळी ताज्या तेलाचा डाग! काळा, गोल, भाकरीएवढा.

तो आला, तो या तेलाच्या मागावर.

भर दुपार होती. मी ओसरीत अण्णांना पेज भरवत होते. समोरच्या रस्त्यानं एक उंच, काटकुळा माणूस मान खाली घालून येताना दिसला. चार पावलं चालायचा, थांबायचा, वाकून मातीला बोट लावायचा, बोट नाकाशी न्यायचा… आणि पुन्हा चालायचा. मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. त्या दिवसांत तशी माणसं बरीच दिसायची. पण हा वास घेत घेत थेट आमच्या अंगणात आला, जीपपाशी थांबला आणि मगच त्यानं मान वर केली.

"गाडी कोनाची ही?"

"आमची. का?"

"डायव्हर कुठंय?"

"त्याच्याशीच बोलताय की!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलं, बाजेवरच्या अण्णांकडे बघितलं आणि परत माझ्याकडे. इथवर आलं की पुरुषमाणसं हसायची. हा हसला नाही. त्यानं नुसता कान खाजवला, आणि बोटाचं सगळं काळं कानाला लागलं. मग मीच हसले. किती दिवसांनी हसले, ते माझं मलाच आठवेना.

"कामावरच्या तंबूपासनं हितवर थेंब पडल्यात," तो म्हणाला. "तुमची गाडी रगत सांडत चाललीय, डायव्हर. अन् तुमी पेज भरवत बसलाय."

"बापाला भरवतीय. गाडीला भरवायला घरात तेल न्हाई."

त्याचं नाव कानिफनाथ. मूळचा राहात्याकडचा. आमच्या इथं कर्जतहून मिरजगावकडे दुष्काळी कामाचा रस्ता चालला होता, आणि त्या रस्त्यावरच्या रोलरचा हा फिटर. रोलर पुढे सरकेल तसा याचा तंबू पुढे सरकायचा. हे सगळं आईनं पहिल्याच दिवशी चहाच्या एका कपात काढून घेतलं. राहात्याच्या कुठल्या घरचा, भाऊ किती, बहिणी दिल्या कुठं, लग्न का नाही झालं… आईचं नाव रतनबाई, पण चौकशीला बसली म्हणजे तलाठी बरा.

आता माझ्याबद्दल. मी चांगुणा, सहादेव डायव्हरची एकुलती एक लेक. अण्णांनी ही जीप मिलिटरीच्या लिलावात घेतली, तेव्हा मी रांगत होते. मुलगा नाही म्हणून त्यांनी कधी उसासा टाकला नाही. तळं आटलं की त्याच्या कोरड्या पोटात मला गाडी शिकवायचे. गावानं तोंडं वाकडी केली, तर म्हणायचे, "गाडीला काय ठावं, पाय कुनाचा हाय?" आणि अण्णांची खंडेनवमी म्हणजे काय विचारता! कुणी विळा पुजतो, कुणी कात्री. अण्णा त्या दिवशी जीप उभी-आडवी धुवायचे, गिअरच्या दांड्याभोवतीचा पत्रा खोलायचे, आतला गिअरबॉक्ससुद्धा पुसून लख्ख करायचे आणि त्याला हळद-कुंकवाची बोटं ओढायचे. त्या वर्षी धुवायला पाणी कुठलं? प्यायचं पाणी टँकरचं. वर्षाचा मळ तसाच ठेवून पूजा करायची त्यांना लाज वाटली. म्हणून त्यांनी लाल ऑइलपेंटाचा डबा आणला आणि गिअरबॉक्सला वरून जाडजूड हात मारला. मळ झाकला. त्यावर कुंकू, त्यावर फूल.

दिवाळीच्या आसपास गाडी गळायला लागली. आणि त्याच आठवड्यात अण्णांची उजवी बाजू गेली… वाचाही गेली.

खडीच्या कामावर माणसं भोवळ येऊन पडत होती. तिथल्या डॉक्टरांना आजारी माणसं नगरला न्यायला एवढी एकच गाडी होती, आणि ती चालवायला मी. एरवी गावानं मला फाडून खाल्लं असतं, पण दुष्काळात माणसं नावं ठेवायचीही दमतात.

फक्त अण्णा दमत नव्हते. मी गाडीखाली डबा सरकवायला वाकले, की बाजेवरून त्यांचं सुरू व्हायचं. डावा हात उचलायचा, तळव्यानं स्वतःचं नाक-तोंड घट्ट दाबून धरायचं… चेहरा लाल होईपर्यंत… आणि मग हात काढून "हूऽऽ" करून श्वास सोडायचा. पुन्हा तेच. आई धावत येऊन पदरानं वारा घालायची, "जीव घाबरा व्हतोय गं त्यांचा!" मला वाटायचं, तेलाचा वास सोसत नाही; मी डागावर राख टाकायची. मग अण्णा डोळे मिटून घ्यायचे, आणि त्यांच्या कानाकडे पाण्याची एक बारीक ओळ उतरायची.

असल्या घरात कानिफनाथ यायला लागला.

पहिल्यांदा तो गाडीखाली शिरला, तेव्हा बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते, भेगाळलेले, धुळीनं पांढरे. पायांशी बोलायला मला काही संकोच वाटला नाही.

"काय दिसतंय, फिटर?"

"मागलं सील गेलंय. तिथनं पाझरतंय. गिअरबॉक्समधलं तेल असं थेंबथेंब जातं, अन् मालकाला कळतं कधी? आतले दात एकमेकाला खायला लागले म्हंजे."

"मालकीण म्हना."

एका पायानं दुसरा पाय खाजवला. "मालकिनीला आदीच कळलेलं दिसतंय."

"आवाजावरनं कळतं. घाटाला लागलं की रडती."

"कोन?"

"गाडी हो!" मी म्हटलं, आणि पाय हलायला लागले. तो आत हसत होता.

रोलरचं सामान आणायला तो नगरला गेला, तेव्हा येताना सील घेऊन आला. गिअरबॉक्सचं नव्वद नंबरचं तेलही कुठून तरी मिळवलं. सील बसवलं, गाडी दोन दिवस कोरडी राहिली. तिसऱ्या फेरीनंतर पुन्हा भाकरीएवढा डाग. मग त्यानं तेल सोडायच्या नटाचं वायसर बदललं, मग पॅकिंग बदललं. पुन्हा तेच. एकदा तो म्हणाला, "काकू, दांड्याभोवतीचा पत्रा खोलून वरनं बघू का?" तर आईचा चेहरा उतरला. म्हणाली, "बाबा, त्यांच्या हातची पूजा हाय रे आत. आता तो हात… पुन्यांदा रंग द्यायचा कधी? तेवढं नको खरवडू." त्यानं पाना खाली ठेवला. तेल तरी खालून गळतंय, वर हात लावायचं काय नडलंय, म्हणाला. आईचं मन मोडून पत्रा खोलणारा माणूस नव्हता तो, आणि मला खरं सांगायचं तर त्या पान्यापेक्षा त्याचं ते ठेवणंच जास्त आवडलं.

संध्याकाळी रोलर थंड झाला की तो यायचा. मी कंदील धरायची, तो गाडीखाली. वरून मी पाना द्यायची, खालून त्याचा हात यायचा. कधी पान्याबरोबर बोटं राहायची… कामापेक्षा क्षणभर जास्त.

"सगळा गाव मला ताई म्हनतो," मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. "तुमीच तेवढं डायव्हर का म्हनता?"

खालून ठोकण्याचा आवाज थांबला. "गाव म्हनतंय तेवढं बास झालं की."

मी कंदील उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

"अन् ही गळती थांबल्यावर वो, फिटर?"

"तीच तर पंचाईत हाय," तो म्हणाला. "थेंब बंद झाले तर म्या कशाचा माग काढत यायचं?"

"रस्ता पाठ झाला असंल एव्हाना."

"रस्ता पाठ हाय. पन निमित्त लागतं ना, डायव्हर…"

मी हसले. त्या दिवशी आईनं पाण्याच्या हंड्यात बघत बघत भाकरीचं पीठ मळलं, शेजारच्या म्हाताऱ्याला गुरांच्या छावणीवरून आणलं ते मेलेलंच आणलं, आणि मी मात्र अंधारात पडल्या पडल्या हसत होते. माणसाचं मन कधी, कुठं हिरवं होईल त्याला काही धरबंध नाही. मनातल्या मनात मी त्या गळतीला म्हटलंसुद्धा, राहा गं बाई अजून थोडी.

मग बायडाबाईचं झालं.

बायडाबाई खडी फोडायला होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी, खट्याळ, मी तंबूपाशी गाडी लावली की ओरडायची, "ए डायव्हरीन, मला बी घे की एक चक्कर!" सकाळपासून तिला उलट्या-जुलाब लागले होते. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब नगर. मी तिला मागे निजवलं, तिच्या नवऱ्यानं, छगननं, डोकं मांडीवर घेतलं. मिरजगाव मागे पडलं आणि गाडी रडायला लागली. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग गिअरचा दांडा हातात धरवेना इतका तापला. पुढं नेली असती तर दात जाऊन गाडी जागीच बसली असती. मी थांबले. खाली शिरून, हात भाजून घेत, डब्यातलं होतं नव्हतं ते तेल ओतलं. बॉक्स निवायची वाट बघत त्या पांढऱ्या रस्त्यावर उभी राहिले. एक झाड नव्हतं सावलीला. छगन टोपीनं तिला वारा घालत होता. मी पुन्हा गाडी सुरू केली तेव्हा त्यानं वारा घालायचं थांबवलं होतं.

मला घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर कानिफनाथ अंगणात उभा. हातात नवं पॅकिंग, कानाला नेहमीसारखं काळं. मला बघून हसला. त्याला ठाऊक नव्हतं. पण ते हसणं मला सोसलं नाही.

"आला का? या, या. गाडी अजून गळतीय, तुमचं निमित्त शाबूत हाय."

"काय झालं, डायव्हर?"

"बायडाबाई मेली. रस्त्यात. तुमच्या निमित्तापायी मेली." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "सील बदललं, वायसर बदललं, पॅकिंग बदललं, तरी गळतंय? रोलर हाकता येतो, अन् एक थेंब थांबवता येत न्हाई? का थांबवायचाच न्हवता? तुमीच म्हनला हुता ना… थेंब बंद झाले तर यायचं कसं?"

त्याचा चेहरा आधी कळल्यासारखा झाला आणि मग पुसल्यासारखा. हातातलं पॅकिंग त्यानं जीपच्या बॉनेटवर हळूच ठेवलं.

"ती मस्करी हुती," एवढंच म्हणाला, आणि गेला. आला होता तसाच, मान खाली घालून. पण या खेपेला थेंब बघत नव्हता.

बाजेवर अण्णा नाक-तोंड दाबून "हूऽऽ, हूऽऽ" करत होते. मी त्यांच्यावर पण ओरडले, "गप बसा वो अण्णा!" ते गप बसले.

त्यानंतर तो आला नाही. मी रोज डबा सरकवायची, रोज गाळलेलं तेल परत भरायची, रोज त्या बॉनेटवरचं पॅकिंग उचलायची आणि परत ठेवायची. रोलरचा आवाज दिवसेंदिवस लांब जात होता. तंबू पुढच्या गावाला हलणार म्हणून बातमी आली.

गुढीपाडव्यानंतरच्या एका सकाळी अण्णांना दुसरा झटका आला. तोंड वाकडं झालं, डोळा फिरला. मी गाडीत गोधडी अंथरत होते तोवर आई कुठं तरी नाहीशी झाली, आणि परत आली ती कानिफनाथला घेऊन. अनवाणी, धापा टाकत. त्याच्या हातात तेलाचा डबा होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तुमी चालवा. म्या आवाज ऐकतो."

अण्णांना मागे असं निजवलं की त्यांचं डोकं आमच्या दोन सीटांच्या मधोमध आलं. आई त्यांच्या उशाशी. मिरजगाव मागे पडलं. आणि बायडाबाई गेली त्याच माळावर गाडी रडायला लागली.

"थांबवा," कानिफनाथ म्हणाला.

तो खाली शिरला, तेल भरलं, वर आला. कपाळावर हात मारला. "सील नवं, वायसर नवं, पॅकिंग नवं… तरी सगळ्या सांध्यांतनं तेल भाईर पळतंय. कोन ढकलतंय त्येला?" मग आईकडे वळला. "काकू… आता वरनं बघू द्या."

आईनं अण्णांकडे बघितलं. आणि आम्ही सगळेच बघत राहिलो, कारण अण्णांचा डावा हात आमच्या दोघांच्या मधून पुढे आला होता आणि गिअरच्या दांड्याजवळच्या पत्र्यावर थापा मारत होता.

कानिफनाथनं पत्रा खोलला. आत तो लाल रंग, जाड, चकचकीत. त्यावर सुकलेलं कुंकू, सुकलेली झेंडूची पाकळी. आईनं डोळ्याला पदर लावला. अण्णांचा हात त्या तापलेल्या बॉक्सवर उतरला. मी "भाजंल, अण्णा!" म्हणत तो मागे ओढला. त्यांनी तो हिसकून परत नेला, आणि रंगाखाली एक इवलंसं टेंगूळ होतं ते नखानं खरवडायला लागले. नख तुटलं, तरी खरवडत होते. मग तोच लाल झालेला हात त्यांनी नाका-तोंडावर दाबून धरला… आणि सोडला.

"हूऽऽ."

कानिफनाथ त्यांच्याकडे बघतच राहिला. मग एकदम बॉक्सकडे. "आरं द्येवा," तो म्हणाला. "श्वास!"

स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्यानं ते टेंगूळ खरवडलं. रंगाच्या सालीखाली एक छोटी टोपी होती. ती ढिली करताच आतून 'फुस्स' असा आवाज आला. किती दिवसांचा कोंडलेला.

"ब्रीदर म्हनत्यात हिला, हवेची टोपी," तो हळूच म्हणाला. "गाडी तापली की आतली हवा फुगती, ती हितनं भाईर जाती. हे तोंड रंगानं बुजलं. मग हवा करनार काय? तेलाला ढकलत बसली, मिळंल त्या फटीतनं. आमी खालची दारं बदलत बसलो अन् वरची खिडकीच बंद हुती."

अण्णांनी हात स्वतःच्या छातीवर आपटला. एकदा, दोनदा. मी. मी केलं. दिवाळीपासून ते हेच सांगत होते. राख टाकणाऱ्या लेकीला, वारा घालणाऱ्या बायकोला — मीच बुजवलं गं, मीच! आणि मी त्यांना गप बसवलं होतं.

"अण्णा," मी त्यांचा हात धरला, "धुवायला पानीच न्हवतं वो. तुमी काय करनार… पानीच न्हवतं."

अण्णांचा अर्धा चेहरा रडत होता. उरलेल्या अर्ध्याला तेवढंही जमत नव्हतं.

पुढचा सगळा रस्ता गाडी रडली नाही. अण्णांचा हात त्या उघड्या बॉक्सच्या कडेला होता, आणि ते ऐकत होते. घाट चढताना मी मागे वळून बघितलं, तर त्यांनी मान किंचित हलवली. तळ्यात पहिल्यांदा मी न अडकता गिअर टाकला होता, तेव्हा हलवली होती तशीच.

नगरला आम्ही वेळेत पोचलो. तरीही अण्णा राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेले.

दवाखान्याच्या अंगणात कानिफनाथनं जीप दाराशी आणून लावली. अण्णांना घरी न्यायचं होतं. मी खांबाला टेकून उभी होते. मला त्याला खूप काही सांगायचं होतं, पण मी नुसती नखानं खांबाचा चुना खरवडत होते.

"डायव्हर, खाली बघा," तो म्हणाला.

गाडी रात्रभर जिथं उभी होती तिथली माती मी बघितली. कोरडी. पांढरी. नुसती माती.

"एक थेंब न्हाई," तो म्हणाला. वाईट बातमी द्यावी तसा.

अण्णांचं सगळं होईपर्यंत तो होता. खांदा दिला, लाकडं आणली, आलेल्या-गेलेल्याला पाणी दिलं. मग रोलर पुढच्या गावाला गेला आणि त्याच्यासोबत तोही. बाज रिकामी झाली. सवयीनं मी सकाळी उठून गाडीखाली वाकायची, आणि तिथं पुसायलाही काही नसायचं.

"तो फिटर का येत न्हाई गं?" आईनं एके दिवशी विचारलं.

"कशाला येईल? गळती थांबली."

"तू त्येला बोलली हुतीस ते म्या आतनं ऐकलंय." आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तुझा बाप येवढे महिने एक गोष्ट पोटात घिऊन पडला हुता. त्येला वाचा न्हवती. तुला तर द्येवानं जीभ दिलीय की… चांगली लांबलचक दिलीय. का ती भांडायपुरतीच?"

"मला न्हाई जमायचं आई, असं तोंडावर बोलायला."

"मग जे जमतं ते कर."

मला काय जमतं? गाडी चालवायला जमतं.

बैलगाडीच्या आसाला लावायला म्हणून अण्णांनी इंजिनातून काढलेलं जळकं तेल एका डब्यात साठवून ठेवलं होतं. मी त्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. आईनं काही न विचारता सुतळी आणून दिली. भोकाला लावायला चिंधीचा बोळाही तिनंच दिला. दुपारच्या सुट्टीत मी पुढच्या गावाच्या शिवारात, रोलरपाशी पोचले. कानिफनाथ रोलरच्या सावलीत तोंडावर फडकं टाकून झोपला होता. वाळला होता. कान अजूनही काळाच होता. त्याला उठवायला हात पुढे गेला… आणि मागे आला. मी जीप वळवली, डबा मागच्या हुकाला टांगला, बोळा काढला आणि पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं घरी आले. अंगणातही डबा हातात धरून चालले. पायरीवर एक थेंब. आणि शेवटचा… इकडे तिकडे बघून… उंबऱ्याच्या आत.

ऊन उतरलं तरी कुणी आलं नाही. वाऱ्यानं धूळ उडवली असेल, मला वाटलं. बुजलं असेल सगळं.

मग रस्त्यावर तो दिसला. मान खाली, चार पावलं, थांबणं, वाकणं. अंगणात येऊन तो आधी जीपखाली शिरला, पाठीवर पडून सगळा बॉक्स हातानं चाचपला, आणि बाहेर आला. मग त्याला पायरीवरचा थेंब दिसला. मी दाराच्या आत उभी होते.

"ओ डायव्हर… गाडी तर कोरडी हाय."

"हाय."

"मग हे तेल?"

"मी सांडलं."

"जळकं इंजिनचं तेल हाय. पहिल्या थेंबालाच वासानं कळलं मला, हे गिअरबॉक्सचं न्हवं."

"कळलं हुतं, तर येवढ्या उन्हात वाकत वाकत कशाला आला?"

"म्हनलं…" त्यानं कान खाजवला, "बघू तरी, कुठवर सांडलंय."

तो पायरी चढला. उंबऱ्यापाशी त्याचे पाय थांबले. तेच, धुळीनं पांढरे पाय, ज्यांच्याशी बोलायला मला कधी संकोच वाटला नव्हता. त्याची नजर आतल्या त्या शेवटच्या थेंबावर गेली आणि तिथंच राहिली.

"हा तर आत पडलाय," तो अगदी हळू म्हणाला. "चांगुणा… हा उंबऱ्याच्या आत पडलाय."

पहिल्यांदाच त्यानं माझं नाव घेतलं. मला श्वास घेववेना. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझाच तळवा माझ्या तोंडावर घट्ट दाबलेला आहे, अगदी अण्णांसारखा.

मी हात काढला.

"बायडाबाई गेली त्या दिवशी मी बोलले ते खोटं हुतं. तुमाला लई दुखवलं," मी म्हटलं. "अन् तुमी येत जा. गळती असू द्या, नसू द्या. मला तुमी पायजे."

त्यानं वहाणा पायरीवर काढल्या. आतून आईनं हाक दिली, "कानिफनाथ, जपून ये रं… तो थेंब तुडवू नको."

त्यानं तो ओलांडला, आणि आत आला.